रिकामा रकाना आणि शून्य : डीएचआयएस-२ प्रणालीची चिकित्सा

अल्प उत्पन्न गटातील देशांच्या सार्वजनिक आरोग्याचा विचार करताना डीएचआयएस-२ या संगणकप्रणालीस वगळता येत नाही. वर्णभेदोत्तर दक्षिण आफ्रिकेतील उपक्रमातून मूळ प्रणाली आकारास आली. पुढे ऑस्लो विद्यापीठाच्या पुढाकाराने महाजालावर चालणारी दुसरी आवृत्ती सिद्ध झाली आणि तिचा पहिला वापर २००६ मध्ये केरळात झाला. केनियाने २०११ मध्ये ती देशभर लागू केली.

माहिती जेथे गोळा होते तेथेच ती वापरली जावी, ही या उपक्रमाची मूळ भूमिका होय. ती निःसंशय लोकशाहीवादी आहे. परंतु केनियातील अंमलबजावणीत परिचारिकेने नोंदवहीत लिहावे, महिनाअखेर कागदी गोषवारा भरावा आणि वरच्या कार्यालयातील अभिलेख अधिकाऱ्याने तो संगणकात उतरवावा, असाच क्रम बहुतांशी राहिला. आलेख तयार होतात ते तिच्या हातून कागद गेल्यानंतर.

याहून गंभीर प्रश्न शून्याचा आहे. साठवणुकीची जागा वाचावी म्हणून ही प्रणाली, मुद्दाम तशी सूचना दिली नसेल तर, शून्य साठवतच नाही. परिणामी ‘या महिन्यात एकही माता दगावली नाही’ आणि ‘या महिन्यात कोणी मोजलेच नाही’ ही दोन्ही विधाने एकाच रिकाम्या रकान्यात जाऊन बसतात. अहवालपूर्तीचे प्रमाण स्वतंत्रपणे दिसते, असा बचाव केला जातो. तो अपुरा आहे. अर्ज ‘पूर्ण’ झाल्याची कळ दाबली गेली, एवढेच ते प्रमाण सांगते. प्रत्येक रकाना भरला गेला की नाही, हे त्यातून कळत नाही.

केनियात २०१७ मध्ये सरकारी परिचारिकांचा संप सुमारे पाच महिने चालला. त्या काळातील प्रसूतींचे आकडे वाचणाऱ्यास प्रसूती घरी झाल्या, खासगी दवाखान्यात झाल्या, की कागदच पोहोचला नाही, हे केवळ आकड्यावरून ठरवता येणार नाही.

वास्तविक पोलिओ सर्वेक्षणाने हा भेद फार पूर्वीच ओळखला होता. रुग्ण न आढळल्यासही तेथे ‘शून्य’ असा अहवाल पाठवावा लागतो. डीएचआयएस-२ मध्येही प्रत्येक घटकाची व्याख्या करताना शून्य साठवण्याची सोय आहे आणि प्रशासकास ती एका खुणेने सुरू करता येते. मातामृत्यू व गोवर यांसारख्या घटकांसाठी तरी ती वापरली जाणे अत्यावश्यक आहे, आणि ही खूण केली आहे किंवा नाही हे प्रत्येक देशाच्या आरोग्य मंत्रालयाने आकड्यांसोबत प्रसिद्ध करावयास हवे.