श्रावकाचार आणि श्राविकांचे स्तवनगायन : पुण्यातील एका अभ्यासाचे समीक्षण

प्रस्तावना :
जैन गृहस्थाच्या धार्मिक कर्तव्यांचा विचार प्रामुख्याने श्रावकाचार ग्रंथांच्या आधारे केला जातो. समंतभद्रांचा 'रत्नकरंड श्रावकाचार' हा या परंपरेतील सर्वपरिचित ग्रंथ होय. पाच अणुव्रते, तीन गुणव्रते व चार शिक्षाव्रते अशी बारा व्रते, तसेच सामायिक, चतुर्विंशतिस्तव, वंदन, प्रतिक्रमण, कायोत्सर्ग व प्रत्याख्यान ही सहा आवश्यके हा गृहस्थधर्माचा परंपरामान्य आराखडा आहे. आर. विल्यम्स यांनी 'जैन योग' (१९६३) या ग्रंथात मध्ययुगीन श्रावकाचारांचा तौलनिक अभ्यास केला. तथापि 'श्रावकाने काय करावे' हे सांगणाऱ्या ग्रंथांवरून 'श्राविका काय जाणते' या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही. एम. व्हिटनी केल्टिंग यांचा 'सिंगिंग टू द जिनाज' (२००१) हा ग्रंथ याच प्रश्नाला भिडतो. त्याचे क्षेत्र पुणे असल्याने मराठी अभ्यासकांना तो विशेष महत्त्वाचा वाटावा.

विवेचन :
केल्टिंग यांचा अभ्यास पुण्याच्या शिवाजीनगर भागातील श्वेतांबर मूर्तिपूजक, मुख्यतः गुजराती भाषक स्त्रियांच्या मंडळांवर आधारलेला आहे. या स्त्रिया स्तवने वह्यांत उतरवून घेतात, परस्परांकडून शिकतात आणि पूजेच्या प्रसंगी सामूहिकरीत्या गातात. कित्येक स्तवनांच्या चाली चित्रपटगीतांवरून घेतलेल्या असतात. अशा गायनाकडे केवळ भाबडी भक्ती म्हणून पाहणाऱ्या दृष्टीला केल्टिंग यांचा आक्षेप आहे. कोणते स्तवन कोणत्या प्रसंगी गावे याची निवड हा तत्त्वविचारच होय, हे त्यांचे प्रमुख प्रतिपादन आहे आणि ते ग्राह्य वाटते.

मात्र 'ग्रंथातील धर्म' व 'स्त्रियांचा धर्म' असा विरोध येथे कल्पणे योग्य होणार नाही. सहा आवश्यकांपैकी चतुर्विंशतिस्तव हे तीर्थंकरांच्या स्तुतीचेच आवश्यक आहे. मूर्तिपूजक परंपरेत जल, चंदन, पुष्प, धूप, दीप, अक्षत, नैवेद्य व फळ यांनी अष्टप्रकारी द्रव्यपूजा झाल्यावर चैत्यवंदनाच्या रूपाने भावपूजा केली जाते. चैत्यवंदनातील प्राकृत सूत्रे ठरलेली असतात. स्तवनाची निवड मात्र पूजा करणाऱ्याकडे असते. म्हणजेच विधीनेच एक जागा मोकळी ठेवली आहे आणि ती जागा श्राविकांनी आपल्या ज्ञानाने भरली आहे. स्त्रियांचे कर्तृत्व शास्त्राबाहेर नसून शास्त्राने दिलेल्या अवकाशात आहे, असे म्हणणे अधिक सयुक्तिक ठरेल.

या कर्तृत्वाच्या मर्यादाही लक्षात घ्याव्या लागतात. मंडळात अनुभवी गायिकेचा शब्द प्रमाण असला, तरी व्याख्यानाचा अधिकार प्रामुख्याने साधूंकडेच राहतो. केल्टिंग यांच्या पुढील ग्रंथात, 'हिरोइक वाइव्ज' (२००९) मध्ये, दुसरी मर्यादा दिसते. चैत्र व आश्विन महिन्यांतील नवपद ओळीत नऊ दिवस आयंबिल केले जाते; म्हणजे दूध, तूप, तेल, साखर वर्ज्य करून एकवेळ रुक्ष आहार घेतला जातो. शास्त्रदृष्ट्या हे तप कर्मनिर्जरेसाठी आहे. परंतु ओळीशी जोडलेल्या कथेत मयणासुंदरीच्या आराधनेने तिचा पती श्रीपाल कुष्ठमुक्त होतो. एकाच तपात मोक्षमार्ग आणि सौभाग्य असे दोन हेतू एकत्र येतात. यातील दुसऱ्या हेतूला व्रतांच्या यादीत स्थान नाही; श्राविकेच्या जीवनात मात्र ते आहे. तपाचे कष्ट तिचे आणि फळ कुटुंबाचे, ही विषमताही समीक्षकाने नोंदवली पाहिजे.

क्षेत्राची मर्यादा तितकीच महत्त्वाची आहे. शिवाजीनगरचे निष्कर्ष सर्व महाराष्ट्राला लागू करता येणार नाहीत. पुण्यातीलच स्थानकवासी समाज मूर्तिपूजा मानत नाही. तेथे अठ्ठेचाळीस मिनिटांचे सामायिक व प्रतिक्रमण यांना मध्यवर्ती स्थान आहे. कोल्हापूर-सांगली भागातील दिगंबर जैनांची मातृभाषा बहुतांशी मराठी असून देवपूजा, गुरूपास्ती, स्वाध्याय, संयम, तप व दान ही षट्कर्मे त्यांच्या परंपरेत सांगितली जातात. या समाजाला मराठी ग्रंथरचनेचा जुना वारसा आहे. सुभाषचंद्र अक्कोळे यांनी 'प्राचीन मराठी जैन साहित्य' या ग्रंथात त्याचा परामर्श घेतला आहे. तथापि हस्तलिखितांतील मराठी आणि आजच्या श्राविकांच्या वह्यांतील मराठी यांचा एकत्रित विचार होणे आवश्यक आहे.

निष्कर्ष :
श्रावकाचार ग्रंथ कर्तव्यांची चौकट देतात. ती चौकट घरात व मंदिरात जिवंत ठेवण्याचे काम मोठ्या प्रमाणात श्राविका करतात. केल्टिंग यांच्या अभ्यासाचे श्रेय हे की, त्यांनी या कामाला ज्ञानाचा दर्जा दिला. ग्रंथालये पोथ्या जपतात. स्तवनांच्या वह्या मात्र जपल्या जातीलच असे नाही, आणि वही गेली की तिच्यातील निवड, क्रम व चालीही जातात. म्हणून मराठी भाषक श्राविकांच्या वह्यांचे संकलन व अभ्यास हे मराठी संशोधनाने आपले कर्तव्य मानले पाहिजे. तसे झाले तरच जैन गृहस्थधर्माचे आपले आकलन एकांगी राहणार नाही.