वात, बी आणि धरलेले सांधे : आरोग्यविषयक मराठी लेखनाचा एक अर्थविचार

सांधेदुखी टाळण्याचे उपाय सांगणारे लेखन मराठीत विपुल आहे. वृत्तपत्रांच्या पुरवण्यांतून, दिवाळी अंकांतून आणि छोट्या पुस्तिकांतून ते सतत प्रसिद्ध होत असते. त्यात आयुर्वेदाच्या जोडीला आता चिनी वैद्यकही येऊन बसले आहे. या लेखनाचा वैद्यकीय परामर्श वैद्यांनी घ्यावा. प्रस्तुत लेखात त्यातील शब्दयोजनेचा तेवढा विचार करावयाचा आहे. कारण या क्षेत्रात शब्द चुकला की उपायही चुकतो.

या लेखनाचा सर्वाधिक भार वाहतो तो ‘वात’ हा शब्द. दुखणारा कोणताही सांधा ‘संधिवाता’चा ठरतो, आणि संधिवात म्हटला की तेल चोळणे ओघानेच येते. परंपरेने मात्र येथे नावे वेगळी राखली आहेत. चरकाच्या वातव्याधिप्रकरणात संधिगत वात येतो. वातरक्ताला त्याच ग्रंथात स्वतंत्र अध्याय आहे. आमवाताचे स्वतंत्र निदान माधवनिदानात आढळते. आजच्या रोगनामांशी ही नावे तंतोतंत जुळत नाहीत. तथापि सांध्याची झीज, यूरिक आम्लामुळे येणारी सूज आणि शरीराच्या प्रतिकारयंत्रणेने स्वतःच्याच सांध्यांवर केलेला आघात, असे तीन भिन्न विकार स्थूलमानाने त्यांच्यामागे दिसतात. भेद केवळ नावांचा नाही. आमवातात आम असेपर्यंत स्नेहन टाळून वाळूच्या पुरचुंडीचा कोरडा शेक द्यावा, असे आयुर्वेदच सांगतो. वाग्भटाने दिनचर्येत नित्य अभ्यंग सांगितला खरा. पण कफग्रस्ताने आणि अजीर्ण झालेल्याने तो टाळावा, हा अपवादही लगोलग नोंदविला. आपले लेखक विधी घेतात आणि अपवाद गाळतात. ज्याच्या बोटांचे सांधे सकाळी तासभर ताठ राहतात व सुजतात, अशा वाचकाने ‘वात आहे’ म्हणून वर्षभर तेलावर काढले, तर तेवढ्या अवधीत सांध्याची कायमची हानी होऊ शकते. आमवातासारख्या दाहक विकारात औषधोपचार लवकर सुरू होण्याला फार महत्त्व आहे.

आता चिनी वैद्यकाकडे वळू. त्याचा परिचय करून देताना ‘ची’ला प्राण आणि ‘फंग’ला वात म्हणण्याचा प्रघात पडला आहे. ‘फंग’चा अर्थ वारा आणि वाताचाही अर्थ वारा, म्हणून दोन्ही एक, असा हा तर्क आहे. ‘ह्वांगदी नेइचिंग’ या प्राचीन चिनी ग्रंथाच्या ‘सूवेन’ नामक भागातील त्रेचाळिसावा अध्याय सांध्यांच्या ‘बी’ या विकारास वाहिलेला आहे. वारा, थंडी आणि ओल ही तिन्ही मिळून शरीरात शिरली की बी उद्भवतो, असे तेथील प्रतिपादन आहे. वारा प्रबळ असेल तर दुखणे फिरते असते, थंडी प्रबळ असेल तर वेदना तीव्र असते, आणि ओल प्रबळ असेल तर ते एका जागी चिकटून बसते. येथील वारा बाहेरून शिरणारा आहे. आयुर्वेदातील वात हा शरीरातच वसणारा, गतीचे नियमन करणारा दोष आहे. तो नाहीसा करावयाचा नसतो, साम्यावस्थेत ठेवावयाचा असतो. शब्दार्थ जुळला म्हणून संकल्पना जुळत नाही.

या चिनी ‘बी’चा गाभा अडथळा हा आहे : काहीतरी अडले, वाहते राहिले नाही. त्यास जवळचा शब्द संस्कृत परिभाषेत शोधण्याची गरज नाही. देवरूखकडे आषाढात ‘गुडघे धरले’, ‘कंबर धरली’, ‘बोटे आखडली’ असे सहज म्हटले जाते. ‘धरणे’ या क्रियापदात अडण्याचा भाव आहेच, आणि पाऊस, गारठा व ओल यांच्याशी त्याचा संबंध बोलणाऱ्याच्या मनात पक्का असतो. याच संगमेश्वर तालुक्यात आरवली, तुरळ, राजवाडी येथील गरम पाण्याच्या झऱ्यांवर लोक अंग शेकावयास जातात, ते धरलेले अंग सुटावे म्हणून. अनुवादकाने ‘वात’ सोडून ‘धरणे’ स्वीकारले असते, तर अर्थ अधिक अचूक उतरला असता.

शब्दाच्या अपुरेपणाचे दुसरे उदाहरण ‘अॅक्युपंक्चर’ हे. मूळ चिनी संज्ञा जोडशब्द आहे : सुई आणि डाग. डाग म्हणजे दवण्याच्या कुळातील एका वनस्पतीची सुकी पाने जाळून दिलेला शेक. युरोपीय नावाने सुई तेवढी घेतली, आणि मराठीत तो अर्धाच शब्द आला. भारतात ही विद्या रुजविण्याचे श्रेय मुख्यतः डॉ. विजयकुमार बसू यांना जाते. १९३८ साली चीनला गेलेल्या वैद्यकीय पथकात ते सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचे सहकारी होते.

नावांच्या गोंधळाची सर्वांत दारुण किंमत ब्रुसेल्समध्ये मोजावी लागली. ‘फांग-जी’ ही ओल-वाऱ्याच्या दुखण्यावरील चिनी वनौषधी. १९९० नंतर तेथील एका वजन घटविण्याच्या चिकित्सालयात तिच्याऐवजी ‘क्वांग-फांग-जी’ ही निराळ्या कुळातील, मूत्रपिंडास घातक वनस्पती दिली गेली. १९९३ साली हा प्रकार वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. पुढे बाधित स्त्रियांची संख्या शंभरावर गेली. दोन वनस्पती एकाच नावाच्या छत्राखाली आल्याचे हे फळ होय. आपणही निश्चिंत राहू नये. महारास्नादि काढ्यातील रास्ना उत्तरेत एक वनस्पती, दक्षिणेत कुलिंजनाच्या जातीचा कंद, आणि बंगालात झाडावर वाढणारे आमर आहे.

राहता राहिला नित्याच्या सवयींचा भाग. येथे दोष मापाचा आहे. ‘नियमित व्यायाम करावा’ या वाक्यात किती, कोणी, केव्हा यांपैकी काहीच नाही. वाग्भटाने निदान ‘अर्ध्या शक्तीने’ असे माप दिले होते. गुडघ्याच्या झिजेबाबत आजचे ज्ञानही मापाने बोलते : वजन एक किलो उतरले की प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरील भार सुमारे चार किलोंनी हलका होतो. अमेरिकेतील संधिरोगतज्ज्ञांच्या संस्थेने २०१९ साली व्यायाम, वजन घटविणे आणि ‘ताई ची’ हा संथ चिनी व्यायाम यांची ठाम शिफारस केली, सुयांची मात्र सशर्त. ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेने २०२२ साली अशा झिजेवर सुया देऊ नयेत, असे सांगितले. तज्ज्ञांत असा मतभेद असताना ‘रामबाण’ हे विशेषण वापरणारा लेखक वाचकाची दिशाभूल करतो. शिवाय हा उपदेश लिहिला जातो तो खुर्चीवर बसणाऱ्यासाठी. गुडघाभर चिखलात दिवसभर वाकून भाताची लावणी करणाऱ्या स्त्रीस ‘चालावयास जावे’ असे सांगण्यात काय हशील? तिला हवे आहे ते मधूनमधून पाठ सरळ करण्याचे, काम बदलून घेण्याचे आणि घरी उकिडवे न बसता पाटावर किंवा स्टुलावर बसण्याचे माप.

सारांश, या लेखनाने तीन पथ्ये पाळावीत. विकाराचे नाव मोघम ठेवू नये. परक्या शास्त्राची संज्ञा ओळखीच्या शब्दात बुडवू नये. आणि विधीबरोबर अपवाद व माप द्यावे. विद्यार्थ्यांनी परिभाषेचा अभ्यास केवळ कोशांतून न करता बोलीतूनही करावा. लावणीच्या चिखलातून वर येऊन ‘सांधे धरले’ म्हणणाऱ्या स्त्रीला आपल्या दुखण्याचे वर्णन नेमके करता येते. तिच्यासाठी लिहिणाऱ्याने तितकेच नेमके असावयास हवे.