गाण्याचे पाय कुठे टेकलेत?

आज आपण गेल्या काही वर्षांतल्या पॉप आणि रॉक गाण्यांबद्दल बोलणार आहोत. बोलणार म्हणजे आमची मतं सांगणार. संगीतशास्त्र आमच्याकडे नाही. काय आवडलं, काय आवडलं नाही आणि का, एवढंच सांगायचं आहे. पटलं नाही तर शेवटी भांडायला वेळ ठेवलेला आहे.

आधी हे सांगायला हवं की आम्ही ही गाणी कुठे बसून ऐकतो. बोईसर-तारापूर भागात गाणं निवडून ऐकायची सोय फारशी नसते, ते येऊन आदळतं. इकडे १९६९ साली सुरू झालेलं अणुवीज केंद्र, तिकडे एमआयडीसी, मागे आदिवासी पाडे, पुढे समुद्र आणि मच्छीमारांची गावं. उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशातून आलेला कामगार एका चाळीत, गुजराती दुकानदार समोर, वाडवळ, मांगेला, वारली सगळे आसपास. हळदीच्या रात्री डीजेवर एका तासात मराठी, भोजपुरी, गुजराती आणि पंजाबी गाणी वाजून जातात. सकाळी पहिल्या पाळीला जाणाऱ्याच्या मोबाईलवर पुन्हा तेच. त्यामुळे आम्हाला एक सवय लागली आहे. गाणं कानावर पडलं की आम्ही बघतो, याचे पाय कुठे टेकलेत?

त्यातूनच एक साधी परीक्षा तयार झाली. हल्ली बहुतेक गाण्यांत कुठलातरी 'गावरान' तुकडा असतो. ढोलकीचे दोन ठोके, एखादा बोलीतला शब्द, नऊवारी, होडी, शेत. तो तुकडा मनातल्या मनात काढून टाकायचा. काढल्यावरही गाणं जसंच्या तसं उभं राहिलं, तर तो तुकडा नुसता दागिना होता. आणि गाणंच कोसळलं, तर ते हाड होतं. दागिना वाईट असतो असं नाही, लग्नात सगळेच घालतात. पण दागिना आणि हाड यातला फरक ऐकणाऱ्याला कळावा, एवढंच म्हणणं आहे.

आता एकेक गाणं घेऊ.

सुरुवात 'गुलाबी साडी'पासून. संजू राठोडचं २०२४चं गाणं, संगीत जी-स्पार्कचं. याच्यावर नाकं मुरडणारे पुष्कळ भेटतात. काय आहे त्यात, एक नटलेली मुलगी आणि फोटो काढायचा हट्ट! बरोबर आहे, तेवढंच आहे. ताल तर जगभरच्या नाचाच्या गाण्यांचा, कुठल्याही भाषेला चालेल असा. पण या गाण्यातून मराठी काढून बघा. हिंदीत हेच म्हटलं तर ते दहा गाण्यांसारखं अकरावं होईल. कारण त्यातली गंमत लाडिक बोलण्यात आहे. घरातली मुलगी जशी दामटून सांगते, तशी वाक्यं पडतात आणि चाल त्या बोलण्याच्या चढउतारावर बसते. म्हणजे इथे भाषा हाड आहे. आमच्या मते हे पास. पुढच्या वर्षी त्याचंच 'शेकी' आलं. तेही गाजलं, पण तिथे साचा आधी तयार होता आणि शब्द नंतर ओतले असं आम्हाला वाटलं. नाचायला उत्तम, आठवायला कमी.

दुसरं, 'तांबडी चामडी'. क्रेटेक्स आणि श्रेयस, तेही २०२४चं. नेदरलँड्सच्या स्पिनिन रेकॉर्ड्सने काढलेलं मराठी हाऊस संगीत. हाऊस म्हणजे एकसारखा ठोका आणि त्यावर अगदी थोडे शब्द. अशा संगीतात शब्दांना अर्थापेक्षा आवाज महत्त्वाचा. मराठीला लोक वर्षानुवर्षं काय म्हणत आले? रांगडी, खडबडीत. हे 'ड', 'ळ', 'ठ' म्हणे गोड गाण्याला अडचणीचे. या पोरांनी तोच खडबडीतपणा वाजवला. आघात करणारी व्यंजनं तालवाद्यासारखी वापरली. शिवाय विषय बघा, तांब्याच्या रंगाच्या कातडीचं कौतुक. गोरं करणाऱ्या क्रीमच्या देशात! आमच्याकडे मिठागरावर, सुकी मासळी वाळत घालताना, भातलावणीत ज्यांची कातडी उन्हात तापते, त्यांना हे विनोदी गाणं का आवडावं ते आम्हाला समजतं. तक्रार एवढीच की कल्पना एकच आहे आणि ती पहिल्या मिनिटात संपते. आता याची नक्कल करणाऱ्यांनी लक्षात ठेवावं, खडबडीत शब्द शोधले की झालं असं नसतं.

मराठीबाहेर जाऊ. २०२४च्याच ऑक्टोबरमध्ये रोझे आणि ब्रुनो मार्सचं 'आपात' आलं. आमच्याकडच्या शाळकरी मुलांनाही ते पाठ. कोरियात मंडळी एकत्र बसून पितात तेव्हाचा एक खेळ आहे, त्यात अपार्टमेंटसाठीचा कोरियन शब्द ठेक्यात म्हणतात. गाण्याचा कणा तोच ठेका. तो काढला तर मागे सुरेख बनवलेलं पण ओळख नसलेलं पॉप गाणं उरेल. म्हणजे सगळ्या जगात चाललेलं गाणंसुद्धा सोलमधल्या एका टेबलावर पाय टेकून उभं आहे. 'जगात चालायचं तर गाव सोडावं लागतं' असं सांगणाऱ्यांना हे उत्तर पुरे.

मग कोल्डप्ले? २५ आणि २६ जानेवारी २०२५ला अहमदाबादला त्यांचे कार्यक्रम झाले. मुंबईहून खास रेल्वेगाड्या सोडल्या होत्या आणि त्या आपल्याच पालघर-बोईसरच्या रुळांवरून गेल्या. दुसऱ्या दिवशीचा कार्यक्रम मोबाईलवर थेट दिसला, म्हणून इथल्या अनेकांनी तो पाहिला. लाखभर माणसं, मनगटावर एकाच वेळी पेटणारे दिवे. दृश्य म्हणून ते भारावून टाकणारं होतं, हे मान्यच. पण अलीकडच्या त्यांच्या गाण्यांना आमची परीक्षा लावायला गेलो तर काढून टाकायलाच काही सापडत नाही. प्रेम, आकाश, प्रकाश, आपण सगळे एक. कुणाचंच नसलेलं, म्हणून सगळ्यांना चालणारं. त्यांच्याच २०००च्या 'यलो'मध्ये निदान एक रंग होता, तो का निवडला हे कळत नसतानाही तो मनात राहतो. नव्या गाण्यांचा रंग मनगटावरच्या दिव्यांनी पुरवायचा आणि तो कार्यक्रम संपल्यावर परत द्यायचा.

आता तुम्ही म्हणाल, रॉक संगीताला कुठे गाव असतं? प्रश्न रास्त आहे आणि आमची परीक्षा इथे थोडी वाकवावी लागते. लिंकिन पार्कचं 'द एम्प्टीनेस मशीन' घ्या, सप्टेंबर २०२४चं. एमआयडीसीत आज चाळिशीकडे आलेले जे इंजिनीयर आहेत, त्यांच्या कॉलेजच्या वर्षांत या बँडचा आवाज होता. त्यांचा गायक चेस्टर बेनिंग्टन २०१७ साली गेला. सात वर्षांनी बँड परत आला, तेही एमिली आर्मस्ट्राँग या नव्या गायिकेला घेऊन. गाणं सुरू होतं तेव्हा ती नसते. पहिलं कडवं जुना साथीदार माइक शिनोदा म्हणतो, आणि ती दुसऱ्या कडव्यात येते. सगळा निर्णय या एका जागेत आहे. ऐकणारा पहिल्या सेकंदापासून 'तो' आवाज शोधत असतो. त्याला आधी ओळखीच्या माणसाचा हात धरायला दिला आणि मग दार उघडलं. गेलेल्या माणसाची नक्कल नाही आणि तो नव्हताच असं सोंगही नाही. इथे गाव नाही, बोली नाही. रिकामी राहिलेली जागा हीच गाण्याची जमीन आहे. म्हणून आम्ही म्हणतो, पाय गावातच टेकले पाहिजेत असं नाही, पण कुठेतरी टेकले पाहिजेत.

आता समुद्राकडे येऊ, कारण तिथे आमची परीक्षा आम्हालाच अडचणीत आणते. २०२३चं 'खलासी'. आदित्य गढवी आणि अचिंत, शब्द सौम्य जोशींचे, कोक स्टुडिओ भारतमधलं. त्या वर्षीच्या नवरात्रात आमच्याकडच्या गरब्यातही ते वाजलं. आमच्या यादीत सर्वांत जास्त वेळा ऐकलेलं गाणं हेच. एकाने हाक द्यायची, बाकीच्यांनी झेलायची, अशी त्याची बांधणी. होडी ओढताना किंवा जाळं खेचताना माणसं एकमेकांना जो आवाज देतात, त्याचं बळ त्यात आहे. ते काढा, गाणं उरत नाही. पास, पैकीच्या पैकी.

पण हा शब्द आमचाही आहे. सातपाटीला, डहाणूला बोटीवर काम करणाऱ्याला खलाशीच म्हणतात. गाण्यातला खलाशी शोध घेत निघालेला साहसी आहे. आमच्या डहाणू-तलासरीच्या पाड्यांवरचा खलाशी उचल घेऊन गुजरातच्या बोटींवर जातो, महिनोन्महिने. समुद्रातली हद्द ओलांडली म्हणून पाकिस्तानच्या तुरुंगात अडकलेल्यांत अशी माणसं आहेत. तो काही शोधायला गेलेला नसतो, घर चालवायला गेलेला असतो. मग गाणं खोटं म्हणायचं का? आम्ही नाही म्हणणार. गाण्याने सगळ्या खलाशांची बाजू मांडायचा करार केलेला नाही. पण त्या तालावर गरबा खेळताना आपल्याला दुसरा खलाशी आठवला नाही, तर ते गाण्याचं कमी आणि आपलं जास्त अपयश आहे. आणि त्या दुसऱ्या खलाशाचं गाणं इतक्याच ताकदीने यायला हवं, ही मागणी आपण करू शकतो.

अशी मागणी पुरी करणारं गाणं शक्य आहे का? आहे. २०१९ साली मुंबईच्या स्वदेशी या बहुभाषिक रॅप गटाने 'द वारली रिव्होल्ट' काढलं, आरेतले आदिवासी कार्यकर्ते प्रकाश भोईर यांना बरोबर घेऊन. विषय आरेच्या जंगलाचा, पण नाव घेतलं आपल्याकडच्या १९४५च्या वारली उठावाचं. तलासरी-उंबरगाव भागात वेठबिगारीविरुद्ध उभा राहिलेला तो लढा. १० ऑक्टोबर १९४५ला तलवाड्याला गोळीबारात जेठ्या गांगड पडले. गोदावरी परुळेकरांच्या 'जेव्हा माणूस जागा होतो'मध्ये तो काळ आहे. रॅपमध्ये 'बंड' हा शब्द फार स्वस्त झालाय. इथे तो महाग वाटतो, कारण ज्याच्या घराचा प्रश्न आहे त्याचा आवाज गाण्याच्या मधोमध आहे. त्याला दोन सेकंदांचा नमुना म्हणून चिकटवलेलं नाही. तो काढा, गाण्याला बोलायचा अधिकारच राहत नाही.

आणि म्हणून शेवटी तारप्याबद्दल बोलायलाच हवं. वाळवलेला दुधी भोपळा, बांबूच्या नळ्या, मेण आणि पुढे पानांचा कर्णा. फुंक तुटू द्यायची नाही. वाजवतानाच नाकाने श्वास घ्यायचा, त्यामुळे सूर अखंड राहतो. वादक मधे, त्याच्याभोवती नाचणारे. त्याच्याकडे पाठ करायची नसते. त्याने चाल बदलली की पावलं बदलतात. वारली चित्रातलं ते प्रसिद्ध वेटोळं सगळ्यांनी पाहिलंय, भिंतीवर, पिशवीवर, कपावर. त्या चित्राच्या मधोमध जो उभा आहे, तो नाच चालवणारा माणूस आहे. जव्हारजवळच्या वाळवंड्याचे भिकल्या लाडक्या धिंडा यांना तारपावादनासाठी संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला, म्हणजे ही कला कुठे लपून बसलेली नाही.

आज आमच्याकडची पोरं मोबाईलवर, लॅपटॉपवर गाणी बनवतात. फार आनंदाची गोष्ट आहे. त्यात तारपा येतोही. पण कसा येतो? सुरुवातीला काही सेकंद, 'वातावरण' तयार करायला. मग ठोका सुरू झाला की तारपा गप्प. अखंड फुंकीचं वाद्य, त्याचा तुकडा कापला की त्यात काय उरलं? वर नाच चालवणाऱ्यालाच दारात उभं करून आपण ढोल-ताशे आत नेले. हा दागिना झाला, आणि दुसऱ्याच्या अंगावरून काढलेला.

आमचं मागणं फार नाही. एकदा उलटं करून बघा. आधी तारपावादकाला पूर्ण चाल वाजवू द्या, आणि ठोका त्याच्या मागून चालवा. त्याने चाल बदलली की तुमचा ताल बदलू दे. अवघड जाईल, कारण संगणकातला ठोका सरळ चालतो आणि माणसाची फुंक सरळ चालत नाही. 'तांबडी चामडी'वाल्यांनी मराठीचा खडबडीतपणा घासून गुळगुळीत केला नाही, म्हणून ते गाणं झालं. हीही तशीच अडचण आहे. आणि श्रेयनामावलीत त्या वादकाचं नाव 'पारंपरिक' असं लिहू नका. त्याला नाव असतं, गाव असतं, आणि त्याचा मोबदलाही असतो.

इतकं बोलून आम्ही थांबतो. 'गुलाबी साडी'वरून ज्यांना भांडायचं आहे, त्यांनी आधी हात वर करावा.