फेरफाराची सबब

ज्यांनी शेतजमिनीचा सातबारा कधी हातात धरला असेल, त्यांना खातेदाराच्या नावाशेजारचा वर्तुळातला आकडा ठाऊक असेल. तो फेरफार क्रमांक. आज जमीन कोणाच्या नावावर आहे एवढेच सातबारा सांगतो. ती त्याच्या नावावर कशी आली, हे गाव नमुना सहामध्ये, म्हणजे फेरफार नोंदवहीत, पाहावे लागते. खातेदार मयत झाला, खरेदीखत झाले, सोसायटीचा बोजा चढला किंवा उतरला, की त्या वहीत एक नोंद पडते. सातबाऱ्यावरचे जुने नाव पुसून टाकत नाहीत, त्याला कंस करतात. बदलापूरच्या आसपासची भातशेती डोळ्यांदेखत इमारतींखाली गेली. त्या काळात कितीतरी घरांतून पत्र्याच्या पेटीतले जुने फेरफार बाहेर काढले गेले. भांडण जमिनीचे असे, पण वाचले जाई ते गद्य.

संगणकाचे प्रोग्राम लिहिणाऱ्यांकडेही अशी एक वही असते. तिच्यामागची कल्पना जुनी आहे. अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत मार्क रॉकाइंड यांनी १९७२ मध्ये त्या प्रकारची पहिली व्यवस्था बांधली. आज सर्वत्र वापरली जाते ती ‘गिट’. लिनक्सच्या कामासाठी बिटकीपर हे दुसऱ्या कंपनीचे साधन फुकट मिळत होते. ती सवलत बंद झाल्यावर एप्रिल २००५ मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांनी गिट लिहिले. त्यातल्या प्रत्येक बदलाला ‘कमिट’ म्हणतात. कोणी केला, केव्हा केला, कुठल्या ओळी गेल्या, कुठल्या आल्या, हे सारे आपोआप नोंदले जाते. फक्त एक जागा माणसासाठी रिकामी असते, ती ‘कमिट मेसेज’ची. बदल कशासाठी केला ते तिथे लिहायचे.

आता ही जागाही यंत्र भरू लागले आहे. टर्मिनलवर एक आज्ञा द्यायची. झालेला बदल, ज्याला ‘डिफ’ म्हणतात, भाषा-मॉडेलकडे जातो आणि क्षणात तयार वाक्य परत येते. एंटर दाबले की नोंद झाली. नोंद हा आपल्याकडचा फार जुना गद्यप्रकार आहे. शिलालेख, पेशवे दप्तरातली रोजकीर्द आणि तलाठ्याचा फेरफार ही एकाच घरातली भावंडे. त्यात आलेल्या या नव्या लेखकाचे लेखन तपासावे, इतकाच या लेखाचा हेतू.

मी प्रोग्राम लिहीत नाही. उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या पट्ट्यातल्या लेखांच्या, कागदांच्या आणि तोंडी माहितीच्या नोंदी साध्या मजकूर-फायलींत ठेवतो, आणि त्यांचे बदल गिटमध्ये. (गिटची देवनागरीशी अजून पुरती ओळख झालेली नाही. फाइलचे नाव ‘अंबरनाथ’ ठेवले, तर काही बदल न केलेला गिट ते तीनतीन आकड्यांची माळ करून दाखवतो. पहिल्यांदा पाहिले तेव्हा फाइल बिघडली असेच वाटले होते.) माझे जुने मेसेज अभिमान वाटावा असे नव्हते. ‘बदल’, ‘दुरुस्ती’, ‘फायनल’, ‘फायनल २’. म्हणून भाच्याने ते यंत्र-साधन बसवून दिले, तेव्हा मला आनंदच झाला. सात महिने ते वापरले.

पहिला धक्का अंबरनाथच्या शिलालेखाने दिला. तिथल्या शिवमंदिरात सापडलेला हा लेख शिलाहार राजा माम्वाणी याच्या काळातला. डॉ. भाऊ दाजी यांनी त्यातले वर्ष शके ७८२ वाचले होते, म्हणजे इसवी सन ८६०. पुढे पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी ते ९८२ असे वाचले, म्हणजे इसवी सन १०६०. आज हेच वाचन मानले जाते. भगवानलाल अनेक वर्षे भाऊ दाजींच्याच पदरी काम करत होते, हे लक्षात घेतले तर या एका अंकाच्या दुरुस्तीला आणखी वजन येते. माझ्या फाइलमध्ये जुन्या टिपणावरून ७८२ आले होते, ते मी ९८२ केले. माझे कारण भांडुपच्या ताम्रपटाचे होते. माम्वाणी हा छित्तराजाचा धाकटा भाऊ, आणि छित्तराजाचा भांडुपचा ताम्रपट शके ९४८ चा. ७८२ धरले तर धाकटा भाऊ थोरल्याच्या १६६ वर्षे आधी राज्य करत होता असे होईल.

यंत्राने लिहिले : ‘शकवर्षातील टंकनदोष दुरुस्त केला.’

मराठी निर्दोष आहे. वाक्य आटोपशीर आहे. आणि एकोणिसाव्या शतकातल्या दोन पंडितांचा वाचनभेद त्यात माझ्या बोटाची चूक होऊन बसला आहे. यंत्राला दोष तरी काय द्यायचा? त्याला दिसले ते एवढेच : ७ गेला, ९ आला, वरखाली तीनतीन ओळी. कारण त्या डिफमध्ये नव्हतेच, ते भांडुपच्या ताम्रपटात होते.

दुसरे उदाहरण याहून बोलके आहे. फाळणीनंतर सिंधी निर्वासित कल्याणजवळच्या लष्करी छावण्यांत आले. त्या वसाहतीला उल्हासनगर हे नाव ऑगस्ट १९४९ मध्ये मिळाले. मी आधी सरसकट सगळीकडे ‘उल्हासनगर’ लिहून ठेवले होते. मग त्याआधीच्या तारखांच्या नोंदींत ते काढून ‘कल्याण कॅम्प’ केले, कारण ज्या दिवशी ते गाव त्या नावाने नव्हते, त्या दिवशी कोणी तिथे ‘उल्हासनगरला उतरला’ असे लिहिणे खोटे आहे. यंत्राचा मेसेज : ‘स्थळनामांत एकसारखेपणा आणला.’ मी जे मोडले, तेच मी केले असे त्याने लिहिले. इथे यंत्र नुसते वर्णन करून थांबलेले नाही. त्याने हेतू पुरवला आहे. अशी यंत्रलिखित वाक्ये मी नंतर पुष्कळ वाचली. ‘वाचनीयता वाढावी म्हणून’, ‘सुसंगततेसाठी’, ‘स्पष्टतेसाठी’ हे त्यांचे ठरलेले शेपूट. दप्तरातल्या मराठीत ‘सबब’ म्हणजे कारण. रोजच्या बोलण्यात सबब म्हणजे सांगायला बरे पडणारे निमित्त. यंत्र दुसऱ्या अर्थाची सबब पहिल्या अर्थाच्या जागी बसवते.

यावर कोणी म्हणेल, ठरीव भाषा तर तलाठ्याचीही असते. खरे आहे. ‘खातेदार मयत झाले, सबब वारसांची नावे दाखल’ हा साचा गावोगाव तोच. शैलीच्या कसोटीवर तलाठी आणि यंत्र यांत फारसे डावेउजवे करता येणार नाही, आणि यंत्राच्या भाषेला नुसते ‘साचेबंद’ म्हणून निकालात काढणारी टीका मला वरवरची वाटते. पण त्या साच्यामागे काय उभे असते ते पाहावे. कोणीतरी येऊन वर्दी दिलेली असते, कागद दाखवलेला असतो. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६, कलम १५० प्रमाणे हितसंबंधितांना नोटीस जाते, हरकतीला पंधरा दिवस असतात. हरकत आली तर ती वेगळ्या वहीत, सहा-अ मध्ये, जाते. मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. उद्या ती खोटी ठरली तर विचारायला माणसे असतात. साचा बोथट असला तरी साक्ष जिवंत असते.

लिनक्सवाल्यांना ही गोष्ट कोर्टकचेरीने शिकवली. एससीओ कंपनीने २००३ मध्ये आयबीएमवर दावा लावला, आणि लिनक्समधली अमुक ओळ आली कुठून हा प्रश्न गंभीर झाला. २००४ पासून तिथे प्रत्येक बदलाखाली पाठवणाऱ्याने आपल्या नावाची सही टाकायची पद्धत पडली. हे मी देऊ शकतो, देण्याचा मला हक्क आहे, असा त्या सहीचा अर्थ. गिटच्या घडणीतही मेसेज वरवरची चिठ्ठी नाही. प्रत्येक कमिटला जो ठसा मिळतो तो मेसेजसकट काढलेला असतो. मागाहून एक काना बदलला तरी त्या कमिटचा आणि त्याच्यापुढच्या सगळ्यांचा ठसा बदलतो. यंत्राचे वाक्य एंटर दाबून स्वीकारले की ते माझ्या नावाने, माझ्या इतिहासात शिवले जाते.

यंत्राच्या बाजूचे दोन मुद्दे टाळून चालणार नाही. बदलापूर-अंबरनाथहून लोकलने ठाण्याला आणि तिथून ऐरोलीला जाणारी, मराठी किंवा सिंधी शाळांतून शिकलेली कितीतरी मुले या धंद्यात आहेत. कमिट मेसेज इंग्रजीत लिहावा लागतो आणि वरिष्ठ तो वाचतात. ज्याला काम येते पण इंग्रजी वाक्य अडते, त्याला यंत्राने रोजच्या खजील होण्यातून सोडवले. याला मी लहान गोष्ट म्हणणार नाही. दुसरा मुद्दा असा की साधने सुधारत आहेत. पूर्ण फायली आणि जुने मेसेजही ती वाचतात. एखादे मॉडेल उद्या भांडुपचा ताम्रपटही हुडकून काढील. पण तेव्हा ते त्या दुरुस्तीचे एक योग्य कारण लिहील. मी ती दुरुस्ती त्याच कारणाने केली होती की केवळ एका मित्राने सांगितले म्हणून, हे त्याला कळणार नाही, आणि नोंद तर त्याचीच असते. मी आधी कारण टाइप करून दिले तर यंत्र ते नीट मांडते, हे मी करून पाहिले. पण कारण टाइप केले की मेसेज झालाच. वाक्य देण्याऐवजी ‘हे का बदललेत?’ एवढेच विचारणारे साधन मला जास्त उपयोगाचे वाटेल.

सात महिन्यांतले बहुतेक मेसेज मी आता पुन्हा तपासले आहेत. शिलालेखाचे कारण आठवत होते, कल्याण कॅम्पचेही. एक नोंद मात्र अडली. बदलापूरकडच्या एका कुटुंबाच्या जुन्या फेरफाराची नक्कल मी केली होती. तिच्यात एका जमिनीचा हिस्सा क्रमांक २ होता, तो मी ३ केला. मेसेज म्हणतो : ‘हिस्सा क्रमांक अद्ययावत केला.’ मूळ कागद तेव्हाच परत दिला होता. कागद दाखवणारे आजोबा मागल्या वर्षी गेले. शाई फिकी होती म्हणून मी नीट पाहून बदलले, की त्यांनी तोंडी सांगितले म्हणून, की नजरचुकीने, हे आता मला सांगता येत नाही. यंत्र नसते तर तिथे कदाचित ‘दुरुस्ती’ एवढेच असते, हेही कबूल करतो. पण ‘दुरुस्ती’ वाचून मी सावध झालो असतो. ‘अद्ययावत केला’ हे वाक्य इतके नीटस आहे की ते मी दोनदा वाचून पुढे गेलो होतो.

जुन्या कमिटचा ठसा न बदलता त्याला मागाहून टीप जोडण्याची सोय गिटमध्ये आहे. तिचा उपयोग करून त्या नोंदीखाली मी हाताने लिहिले : ‘२ चे ३ कोणाच्या सांगण्यावरून केले ते आठवत नाही. मूळ कागद त्यांच्या मुलाकडे असल्यास पाहणे.’ मुलाला फोन केला आहे. दिवाळीनंतर ये म्हणाला.