विरहाचे चौथे कारण

विश्वनाथाने ‘साहित्यदर्पणा’त प्रवासविप्रलंभाची कारणे तीन सांगितली आहेत: कार्य, शाप आणि संभ्रम. चाकरीनिमित्त नायक परमुलखात गेला तर ते कार्य. देवाऋषींच्या कोपाने दुरावला तर तो शाप. परचक्र किंवा उत्पात यांच्या धांदलीत ताटातूट झाली तर तो संभ्रम. बदलीच्या गावी बिऱ्हाड थाटणाऱ्या आमच्या वाचकांस यांतील पहिले कारण निराळे समजावून सांगावयास नको. परंतु विसाव्या शतकात विरहाचा एक असा प्रकार रूढ झाला, की तो या तिन्हींपैकी एकाही खणात नीट बसत नाही. दोघे दोन देशांची असतात. घरच्यांची हरकत नसते, विमान एका दिवसात पोहोचवते, पत्राची तर वाटही पाहावी लागत नाही. तरीही ती एका छपराखाली राहू शकत नाहीत. कारण एकाच्या पारपत्रातील एका पानावर व्हिसाचा शिक्का उमटलेला नसतो. या विरहाला कलावंतांनी कितपत न्याय दिला आहे, हे दोन कृतींच्या आधारे पाहण्याचा आमचा विचार आहे. एक आहे ड्रेक डोरेमस यांचा २०११ सालचा ‘लाइक क्रेझी’ हा चित्रपट आणि दुसरी जान कार्लो मेनोत्ती यांची १९५० सालची ‘द कॉन्सल’ ही संगीतिका.

चित्रपटाचे कथानक थोडके आहे. लॉस एंजेलिसमध्ये शिकावयास आलेली अ‍ॅना ही इंग्रज मुलगी आणि जेकब हा अमेरिकन तरुण यांचे प्रेम जमते. विद्यार्थी म्हणून मिळालेल्या व्हिसाची मुदत संपते. उन्हाळा एकत्र घालवावा या मोहाने ती परत जात नाही. पुढे घरच्या एका समारंभासाठी ती इंग्लंडला जाते आणि पुन्हा येते, तेव्हा विमानतळावरच तिला अडवून माघारी पाठवितात. मग लंडनमध्ये विवाह, वकील, अर्ज, नकार, पुन्हा अर्ज. मधल्या काळात दोघांच्याही आयुष्यात दुसरी माणसे येतात. अखेर व्हिसा मिळतो, ती येते. आणि एकमेकांजवळ उभे असताना दोघांच्या ध्यानात येते, की ज्याची वाट पाहिली ते आता तेथे उरलेले नाही.

या शेवटासाठी आम्ही दिग्दर्शकाचे अभिनंदन करतो. शिक्का मिळाला की गोष्ट संपली, असे मानणारे चित्रपट पुष्कळ आहेत. प्रतीक्षा ही नुसती मधली रिकामी जागा नसून ती माणसे बदलून टाकते, हे येथे दिसते. पात्रांचे संवाद बहुतांशी नटांनी प्रसंगावर जागच्या जागी रचले आहेत. त्यामुळे प्रेमिकांचे अडखळणे, गप्प बसणे, दूरध्वनीवर विषय बदलणे अस्सल उतरले आहे. २०११ च्या सनडान्स महोत्सवात चित्रपटाला परीक्षकांचे सर्वोच्च पारितोषिक मिळाले, ते अनाठायी नव्हे.

परंतु हा चित्रपट पाहताना आम्हांस वारंवार ‘मेघदूता’ची आठवण होत होती आणि त्या आठवणीने त्याचे उणेपणही उघडे पडले. कालिदासाचा यक्षही चाकरमान्याच आहे. कामात त्याच्या हातून प्रमाद घडतो आणि धनी त्याला रामगिरीवर धाडतो. मल्लिनाथाने हा गिरी चित्रकूट मानला, नागपूरच्या वा. वि. मिराशी यांनी तो रामटेक असल्याचे प्रतिपादन केले. अ‍ॅनाचाही अपराध त्याच जातीचा, सहवासाच्या मोहाने झालेला प्रमाद. मात्र यक्षाच्या शापाला मुदत आहे. एक वर्ष, त्यातले चार महिने उरलेले, शेषशायी विष्णू उठला की सुटका. आपल्या पत्नीला तो जो निरोप पाठवितो, त्यातले सगळे बळ या हिशेबातून येते. कुबेर कठोर खरा, पण त्याने तारीख सांगितली. अ‍ॅना आणि जेकब यांना तारीख कोणी सांगत नाही. त्यांचे प्रकरण ‘विचाराधीन’ आहे. मुदत असलेला विरह माणसाला कवी करतो. मुदत नसलेला विरह त्याला अर्जदार करतो. हा फरक चित्रपटकाराला जाणवला आहे, पण त्याने तो तपासला नाही. नियम कोणता, तो कोणी केला, मुदतीपेक्षा थोडे अधिक राहिलेल्या मुलीला इतकी शिक्षा का, याचा पडद्यावर विचारच नाही. अधिकारी म्हणजे काचेपलीकडचा एक आवाज, एवढेच. म्हणून पुष्कळदा दोष प्रेमिकांच्या चंचलपणाचा की नियमाचा, हे कळेनासे होते.

मेनोत्ती नेमका येथे श्रेष्ठ ठरतो. त्याच्या संगीतिकेत देशाचे नाव नाही. जॉन सोरेल हा क्रांतिकारक जखमी होऊन सीमेपार पळतो आणि त्याची पत्नी मॅग्डा त्याच्याकडे जाता यावे म्हणून परक्या वकिलातीच्या पायऱ्या झिजविते. दर खेपेस नवा कागद हवा असतो. तान्हे मूल जाते, सासू जाते, कागद पुरे होत नाहीत. कॉन्सल स्वतः कधीच दिसत नाही. दिसते ती त्याची सेक्रेटरी. प्रथम ती निव्वळ यंत्र वाटते. परंतु तिसऱ्या अंकात ती एकटी असताना रोजचे ते सगळे चेहरे तिच्यापुढे उभे राहतात, ते विसरावयाची तिची धडपड आपल्याला ऐकू येते. शेवटी मॅग्डाला दूरध्वनी करण्याचे वचन ती देते आणि पाळतेही. घंटा वाजते, तेव्हा मॅग्डाने घरात गॅस सोडलेला असतो. संगीतिकेला १९५० चे पुलित्झर पारितोषिक मिळाले.

आम्ही स्वतः खिडकीच्या आतल्या बाजूस बसणारे. ‘जोडपत्र अपुरे’ हा शेरा आमच्याही हातून गेला आहे आणि तो लिहिताना आम्ही समोर पाहिले नव्हते, हे कबूल केले पाहिजे. म्हणूनच ही सेक्रेटरी आम्हांस मॅग्डापेक्षाही अधिक अस्वस्थ करते. ती दुष्ट नाही. ती बरोबर आहे. कागद खरोखरच अपुरे असतात. विश्वनाथाच्या यादीत जे चौथे कारण घालावे लागेल ते हेच: नियम. शापामागे निदान कोप असतो आणि कोपणाऱ्याची मनधरणी करता येते. नियमामागे कोणाचाच राग नसतो, म्हणून कोणाची करुणाही भाकता येत नाही.

ही संगीतिका शीतयुद्धाची म्हणून जुनी झाली, असे कोणी म्हणेल. ते आम्हांस मान्य नाही. ब्रिटनने २०१२ साली परदेशी जोडीदाराला आणावयाचे तर वर्षास १८,६०० पौंड मिळकत हवी, असा दंडक घातला. एप्रिल २०२४ मध्ये तो २९,००० वर नेला. पगाराच्या पावतीवर दांपत्य ठरावे, हे कोणत्याही स्मृतिकाराला सुचले नव्हते. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने जून २०२४ मध्ये एका नागरिक स्त्रीच्या दाव्यात बहुमताने सांगितले, की परकीय पतीला देशात प्रवेश मिळावा हा तिचा मूलभूत हक्क नव्हे. आपल्या कायद्यातही भारतीयाच्या परदेशी जोडीदारास समुद्रपार नागरिकाची नोंदणी मिळावयास विवाह नोंदवून दोन वर्षे लोटावी लागतात. राज्याला दार राखण्याचा अधिकार आहे आणि खोटी लग्नेही होतात, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु खरेपणा सिद्ध करण्यासाठी जोडपी आपली पत्रे, छायाचित्रे, संभाषणांच्या नोंदी अर्जाला जोडतात, तेव्हा साहित्याच्या दृष्टीने एक विपरीत गोष्ट घडते. पुढे हे कारकून वाचणार आहे, या जाणिवेने प्रेमपत्र लिहिले जाऊ लागते. मेघाला निरोप सांगताना यक्षाला ही भीती नव्हती.

मराठीत आता अशी घरे थोडी नाहीत, जेथे सून वा जावई अन्य देशाचा आहे आणि लग्नाचे जेवण झाल्यावरही दोघे दोन खंडांत आहेत. त्या घरांतील कथा येईल, तेव्हा तिने केवळ प्रेमिकांचे अश्रू मोजून थांबू नये, असे आम्हांस वाटते. तिने खिडकीच्या दोन्ही बाजूंस खुर्ची मांडावी. बाहेरच्या खुर्चीवरील माणूस लिहिणे सोपे आहे. आतल्या खुर्चीवरील माणूस वर पाहतो की नाही, आणि पाहिले तर त्याला काय करता येते, हे लिहिणे अवघड आहे. ते लिहिण्याजोगा अनुभव या मासिकाच्या वाचकांपाशी आहे. त्यांपैकी कोणी ते लिहिले तर ते आम्ही अगत्याने वाचू.