मुक्त, मोफत आणि व्यापारी : डेस्कटॉप कार्यप्रणालींच्या तुलनेच्या निकषांची चिकित्सा

प्रस्तावना

14 ऑक्टोबर 2025 रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज 10 या कार्यप्रणालीची नियमित सुरक्षा-अद्यतने थांबविली. तिची जागा घेणाऱ्या विंडोज 11 साठी टीपीएम 2.0 ही सुरक्षा-व्यवस्था आणि, काही अपवाद वगळता, इंटेलच्या आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा प्रोसेसर आवश्यक ठरविण्यात आला आहे. त्यामुळे धडधाकट असलेले असंख्य संगणक केवळ वयाच्या कारणाने अधिकृतरीत्या बाद ठरले. अशा वेळी महाविद्यालयांच्या खरेदी समित्यांपुढे लिनक्सचा पर्याय मांडला जातो आणि त्याच्यासोबत तुलनेचा एक ठरावीक तक्ताही येतो. किंमत, सुरक्षितता, सुलभता, उपलब्ध सॉफ्टवेअर असे त्याचे रकाने असतात आणि 'ज्याने त्याने गरजेनुसार निवड करावी' हा त्याचा निर्वाळा असतो. प्रस्तुत लेखात या तक्त्याच्या निकषांचीच चिकित्सा करण्याचा प्रयत्न केला आहे. कोणती कार्यप्रणाली अधिक सोयीची, एवढेच हा तक्ता सांगतो. यंत्र किती काळ वापरावे आणि त्यावर आपली भाषा कशी उमटावी, हे ठरविण्याचा अधिकार कोणाकडे राहतो, हा प्रश्न त्यात कोठेच येत नाही.

संज्ञांचा घोळ

'मुक्त विरुद्ध व्यापारी' ही मांडणीच मुळात सदोष आहे. मुक्त सॉफ्टवेअरचा व्यापार होऊ शकतो आणि तो मोठ्या प्रमाणावर होतो. लिनक्सवर आधारित सेवा विकणारी रेड हॅट ही कंपनी आयबीएमने 2019 मध्ये सुमारे 34 अब्ज डॉलरना विकत घेतली. उलटपक्षी, मायक्रोसॉफ्टने 2016 मध्ये विंडोजच्या आतच लिनक्सच्या आज्ञावली चालविण्याची सोय केली. 'मुक्त'चा खरा विरुद्धार्थ 'बंदिस्त' हा आहे. इंग्रजीत 'फ्री' या एकाच शब्दाने दोन्ही अर्थ सांगावे लागत असल्याने तेथे हा घोळ समजण्यासारखा आहे. मराठीजवळ 'मुक्त' आणि 'मोफत' असे दोन स्वतंत्र शब्द असताना मराठी लेखनातही तो जसाच्या तसा यावा, हे मात्र नवल म्हणावे लागेल.

मुक्त सॉफ्टवेअरच्या चळवळीचा उगम किमतीच्या तक्रारीत नाही. एमआयटीच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत 1980 च्या सुमारास आलेल्या लेझर प्रिंटरमध्ये कागद अडकत असे. रिचर्ड स्टॉलमन यांना त्याची आज्ञावली दुरुस्त करावयाची होती. पण तिचा सोर्स कोड, म्हणजे मूळ आज्ञासंहिता, गोपनीयतेच्या कराराखाली असल्याने त्यांना ती नाकारण्यात आली. 1983 मध्ये त्यांनी घोषित केलेल्या जीएनयू प्रकल्पामागे हा अनुभव होता. (अडलेल्या प्रिंटरपुढे ताटकळलेल्या कोणत्याही प्राध्यापकास ही प्रेरणा सहज पटावी.) लिनस तोरवाल्ड्स यांचा लिनक्स कर्नल 1991 मध्ये आला आणि 1992 मध्ये जीएनयूच्या परवान्याखाली दाखल झाला. या परवान्याने वापरण्याची, अभ्यासण्याची, बदलण्याची आणि वाटण्याची मोकळीक दिली. किमतीवर मात्र त्याने कोणतेच बंधन घातले नाही.

दुसऱ्या बाजूचे म्हणणेही पोकळ नव्हते. बिल गेट्स यांनी फेब्रुवारी 1976 मध्ये हौशी संगणकप्रेमींना उद्देशून लिहिलेल्या खुल्या पत्रात मेहनतीचा मोबदला मिळणार नसेल तर दर्जेदार सॉफ्टवेअर कोण लिहील, असा सवाल केला होता. त्या सवालाची धार आजही पूर्णपणे बोथट झालेली नाही, हे पुढे मराठीच्या संदर्भात दिसून येईल.

किंमत : एक फसवा निकष

भारतात 'लिनक्स फुकट, विंडोज महाग' हा युक्तिवाद प्रत्यक्षात कधीच फारसा चालला नाही, कारण येथे लिनक्सची स्पर्धा विकत घेतलेल्या विंडोजशी नव्हतीच. ती जुळणी करणाऱ्या दुकानदाराने विनापरवाना घालून दिलेल्या विंडोजशी होती. दोन्ही फुकट असतील तर माणूस ओळखीचे तेच उचलतो.

आजही हा निकष तितकाच लंगडा आहे. विंडोज 10 साठी वाढीव सुरक्षा-अद्यतनांचा शिक्षणसंस्थांकरिता जाहीर झालेला दर यंत्रामागे पहिल्या वर्षी 1 डॉलर, दुसऱ्या वर्षी 2 व तिसऱ्या वर्षी 4 डॉलर असा आहे. ही रक्कम कोणत्याही महाविद्यालयास जड नाही. निव्वळ खर्चाच्या आधारे लिनक्सची शिफारस करणाऱ्याचा मुद्दा येथेच संपतो. मूळ प्रश्न मात्र संपत नाही. तीन वर्षांची ही मुदत ऑक्टोबर 2028 मध्ये संपेल, आणि ती वाढवावी की नाही याचा निर्णय वापरणाऱ्याकडे नसेल.

मुक्त कार्यप्रणाली जुनी यंत्रे कायम सांभाळतात, असेही समजू नये. डेबियन या प्रतिष्ठित वितरणाने 2025 मधील तेराव्या आवृत्तीत 32-बिट संगणकांवर नव्याने प्रस्थापित होण्याची सोय बंद केली. फरक आहे तो बंद झाल्यानंतरचा. डेबियनने सोडलेले काम ज्याला गरज असेल त्याला पुढे चालविता येते, कारण आज्ञासंहिता उपलब्ध असते. विंडोजच्या बाबतीत असे करणे कायद्याने व व्यवहारानेही अशक्य आहे.

म्युनिक आणि केरळ

वरील भेद कागदावर स्पष्ट दिसतो. व्यवहारात त्याचे काय होते, यासाठी दोन उदाहरणे पाहणे उपयुक्त ठरेल. म्युनिक महापालिकेपुढे 2003 मध्ये नेमका आजचाच प्रश्न होता, कारण तिच्या संगणकांवरील विंडोज एनटी 4 चा आधार संपत होता. महापालिकेने लिनक्सचा मार्ग स्वीकारला. मायक्रोसॉफ्टचे तत्कालीन प्रमुख स्टीव्ह बामर यांनी महापौर ख्रिस्तियान उडे यांची स्वतः भेट घेऊनही निर्णय बदलला नाही. 2013 पर्यंत सुमारे 15 हजार संगणक 'लिमक्स' या स्वतंत्र वितरणावर आले. तथापि, नोव्हेंबर 2017 मध्ये नगरपरिषदेने विंडोजकडे परतण्याचा ठराव केला.

या माघारीचा उल्लेख 'लिनक्स अपयशी ठरले' अशा एका ओळीत केला जातो. तो अपुरा आहे. खात्यागणिक विखुरलेला संगणक-विभाग, बाहेरून येणाऱ्या दस्तऐवजांचे स्वरूप आणि बदललेले राजकीय नेतृत्व, या सर्वांचा त्यात वाटा होता. मुक्त प्रणालीच्या समर्थकांनीही येथे आत्मपरीक्षण करावयास हवे. दशकभर चाललेले काम परिषदेतील एका बहुमताने परत फिरू शकते, कारण परवाना स्वातंत्र्य देतो, ते टिकवून धरणारी माणसे देत नाही.

केरळची वाटचाल वेगळी झाली. 2001 मध्ये फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनच्या भारतीय शाखेचे उद्घाटन तिरुवनंतपुरम येथे झाले आणि त्याच सुमारास राज्यात आयटी@स्कूल प्रकल्प सुरू झाला. प्रारंभी अभ्यासक्रम विंडोजवरच बेतलेला होता. एका कंपनीचे उत्पादन म्हणजेच संगणकशिक्षण का, असा आक्षेप शिक्षकांमधून घेतला गेला आणि टप्प्याटप्प्याने शाळांचे संगणकशिक्षण जीएनयू/लिनक्सवर आले. 2017 मध्ये या प्रकल्पाचे 'काइट' या शासकीय कंपनीत रूपांतर झाले. तिचे वितरण आजही शाळांमध्ये वापरले जाते. म्युनिकमध्ये बदल प्रशासनाकडून कर्मचाऱ्यांकडे आला. केरळात तो मागणाऱ्यांमध्ये शिकविणारेच होते. या दोन अनुभवांतील तफावत कार्यप्रणालीच्या गुणवत्तेपेक्षा या बाबीने अधिक उलगडते.

महाराष्ट्रात याच काळात, 2001 मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशनच्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमाने लाखो लोकांना संगणकसाक्षर केले. ही कामगिरी मोठीच आहे. परंतु तो विंडोज व ऑफिस यांभोवती रचला गेल्याने संगणक म्हणजे विंडोज, हे समीकरण येथे सरकारमान्य प्रमाणपत्रासह रुजले, हेही नोंदवावे लागते.

मराठीचा प्रश्न

तुलनेच्या तक्त्यात भाषेला बहुधा एकच रकाना मिळतो आणि त्यात दोन्हीकडे 'मराठी उपलब्ध' असे लिहिलेले असते. वस्तुस्थिती इतकी सरळ नाही.

युनिकोडमधील देवनागरी सर्वसामान्य वापरकर्त्यापर्यंत पोहोचविण्याचे श्रेय बंदिस्त प्रणालीस द्यावे लागेल. विंडोज 2000 सोबत आलेला, र. कृ. जोशी यांनी रेखाटलेला 'मंगल' हा फॉन्ट त्या काळी लिनक्सवर जे काही होते त्याच्या कितीतरी पुढे होता. तत्पूर्वीची अवस्था बिकट होती. प्रत्येक विक्रेत्याच्या फॉन्टची अक्षररचना निराळी असल्याने एका संगणकावरील प्रबंध दुसऱ्यावर निरर्थक चिन्हांच्या रांगा होऊन उघडत असे. अनेक महाविद्यालयांतील जुने शोधनिबंध व संशोधनपत्रिकांचे अंक आजही या कोंडीत अडकलेले आहेत. त्यात दोष कार्यप्रणालीचा नव्हता; फॉन्ट बंदिस्त होते. मात्र त्यातून बंदिस्तपणाची किंमत रुपयांत मोजता येत नाही, एवढे ध्यानी यावे.

पुढील टप्प्यात मुक्त परवान्याचे महत्त्व दिसू लागते. युनिकोडमध्ये हिंदी व मराठी यांचे 'ल' आणि 'श' एकाच संकेतांकावर आहेत; त्यांची मराठी वळणे दाखवायची की नाही, हे फॉन्ट ठरवितो. बंदिस्त फॉन्टमध्ये असा बदल निर्मात्याच्या मर्जीवर अवलंबून असतो. याउलट राज्य मराठी विकास संस्थेचा 'यशोमुद्रा' हा फॉन्ट मुक्त परवान्याखाली आला आणि त्यातील देवनागरीच्या आधारे मुंबईच्या आयआयटीत संस्कृत संशोधकांसाठी 'शोभिका' हा फॉन्ट सिद्ध झाला. मराठीसाठी केलेले काम संस्कृतच्या उपयोगी पडले आणि त्यासाठी पुन्हा स्वतंत्र परवानगी मागावी लागली नाही. तुलनेच्या तक्त्यात या घटनेसाठी रकानाच नाही.

मात्र गेट्स यांचा सवाल येथेच परत येतो. विंडोजचे मराठी रूपांतर पगारी भाषांतरकारांकडून होते आणि ते बहुतांशी पूर्ण असते. लिनक्सवरील डेस्कटॉपचे मराठीकरण 2000 च्या दशकात पुण्यातील रेड हॅटच्या भाषा-अभियंत्यांनी आणि काही स्वयंसेवकांनी नेटाने केले. पुढे तो ओघ आटला. आज एखादे लिनक्स वितरण मराठीत सुरू केल्यास एकाच चौकटीत एक आज्ञा मराठीत व तिच्याखालची इंग्रजीत, असे दृश्य दिसते. ते दुरुस्त करण्यास कोणाची परवानगी लागत नाही. वाक्यांची यादी खुली आहे आणि मराठी, भाषाविज्ञान व संगणकशास्त्र हे तिन्ही विषय शिकविणारी महाविद्यालये राज्यात शेकड्यांनी आहेत. तरीही ती चौकट वर्षानुवर्षे तशीच अर्धी राहिलेली आहे.