कैद, खेळ आणि कुबूल

गझलेच्या मैफिलीत शायर स्वतःला महबूबच्या जुल्फांचा असीर म्हणवून घेतो. सय्यादने पिंजऱ्याचे दार उघडले तरी उडायचे नाही, असे सांगतो आणि आपण माना डोलावून दाद देतो. आपल्या वाडवडिलांनी हे शेकडो वर्षे ऐकले आहे. पण हीच गोष्ट एखाद्या मानसशास्त्राच्या पुस्तकात आली, म्हणजे कैद होण्याची, हुकूम पाळण्याची किंवा हुकूम देण्याची कल्पना अनेक प्रौढ स्त्री-पुरुषांच्या मनात असते, काही जोडपी परस्परसंमतीने तसा खेळही खेळतात, असे कोणी सांगितले, की आपण कानांवर हात ठेवतो. 'हे पाश्चात्त्यांचे थेर' म्हणून मोकळे होतो. प्रस्तुत लेखात मला या दोन टोकांमधल्या जागेविषयी बोलायचे आहे, आणि ते विजय तेंडुलकरांच्या दोन नाटकांच्या आधारे.

आधी शास्त्राकडे पाहू. या वृत्तीला क्राफ्ट-एबिंग या ऑस्ट्रियन डॉक्टरने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नाव दिले, तेही जिवंत असलेल्या एका कादंबरीकाराच्या आडनावावरून. साखर-माझोख असे त्याचे नाव. बिचाऱ्याला ते मुळीच आवडले नव्हते. तेव्हापासून शंभराहून अधिक वर्षे हा विषय रोगांच्या यादीत राहिला. २०१३ साली अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने आपल्या वर्गीकरणात फरक केला. नुसती आवड वेगळी, आणि स्वतःला क्लेश देणारी किंवा संमती नसलेल्या माणसावर लादली जाणारी विकृती वेगळी. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ साली मंजूर झालेल्या नव्या सूचीतून तर परस्परसंमतीचा हा प्रकार वगळण्यातच आला. हॉलंडमध्ये २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत असा खेळ खेळणारी ९०२ माणसे आणि न खेळणारी ४३४ माणसे तपासली गेली. पहिल्या गटातली माणसे मनाने अधिक दुबळी किंवा आजारी आढळली नाहीत. काही बाबतींत ती अधिक स्वस्थच निघाली.

मग कैदेची कल्पना सुखावते तरी का? बाउमायस्टर या मानसशास्त्रज्ञाने १९८८ साली एक उत्तर सुचवले. माणसाला स्वतःचे 'मीपण' वाहण्याचा शीण येतो. निर्णय घ्यायचे, अब्रू सांभाळायची, जबाबदारी पेलायची. काही वेळ हे ओझे दुसऱ्याच्या हाती द्यावे, असे वाटणे हा त्या शिणावरचा उतारा असतो. हे उत्तर सर्वांना लागू पडेल असे नाही. पण सुफी परंपरेत वाढलेल्या वाचकाला त्यात फारसे नवल वाटू नये. मुरीद आपली मर्जी मुर्शिदच्या हवाली करतो, तेव्हा त्याला हलकेच वाटते. दोन्ही गोष्टी एक आहेत असे मी म्हणत नाही. सोपवण्यातला दिलासा आपल्या ओळखीचा आहे, एवढेच म्हणतो.

दुसरा मुद्दा अधिक महत्त्वाचा आहे. कल्पनेतला कैदी हाच त्या कल्पनेचा लेखक असतो. पहारेकरी कोण, बेडी कोणती, सुटका केव्हा, हे सारे तोच ठरवतो. २००८ साली क्रिटेली आणि बिव्होना या अमेरिकन अभ्यासकांनी आधीच्या पाहण्या एकत्र तपासल्या. जबरदस्तीची कल्पना कधी ना कधी मनात आली असे सांगणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण त्यांना ३१ ते ५७ टक्के आढळले. याचा अर्थ त्या स्त्रियांना जबरदस्ती हवी आहे, असा काढणारा माणूस मूर्ख तरी असतो किंवा लबाड तरी. कल्पनेत तिची मर्जी चालते. प्रत्यक्ष जबरदस्तीत नेमकी तीच चिरडली जाते.

फारसी-उर्दू शायरीने हे जाणले होते. गझनीचा महमूद आणि त्याचा गुलाम अयाज यांच्या कथेत सुलतान आपल्या गुलामाचा गुलाम होतो. सत्ता हातबदल करू शकते, म्हणून ती कथा गोड लागते. आता शेजारी खरी गुलामी ठेवून पाहा. हबसाणातून विकत विकत दख्खनेत आलेल्या मलिक अंबरने १६१० साली खडकी वसवली. पुढे औरंगाबाद झालेल्या त्याच शहरात अठराव्या शतकात सिराज औरंगाबादी इश्कातल्या बेखुदीच्या गझला लिहीत होता. अंबरला बाजारात उभे करताना कोणी त्याची मर्जी विचारली नव्हती. सिराजने आपली बेडी स्वतः घडवली. शब्द दोन्हीकडे गुलामीचेच, पण ते एकाच कोशात घालता येत नाहीत.

आता तेंडुलकर. 'शांतता! कोर्ट चालू आहे' (१९६७) हे नाटक मी पुष्कळदा वाचले आहे. समीक्षकांनी त्यावर स्त्रीच्या कोंडीच्या अंगाने भरपूर लिहिले. त्यातल्या खेळाच्या घडणीकडे मात्र कमी लक्ष गेले. मुंबईहून एका गावात प्रयोगासाठी आलेली हौशी मंडळी वेळ घालवण्यासाठी आणि सामंत या गावकऱ्याला कोर्ट समजावे म्हणून लुटुपुटीचा खटला मांडतात. लीला बेणारे आत गेलेली असताना बाकीचे तिला आरोपी करायचे ठरवतात. ती बाहेर येते आणि पकडली जाते. आरोपही साधा नाही, भ्रूणहत्येचा आहे. म्हणजे खेळ सुरू झाला, पण एका खेळाडूला न विचारता. निकाहात ईजाब झाला आणि कुबूल विचारलेच नाही, तर त्याला आपण निकाह म्हणू का?

आपल्या पोरांच्या खेळातही एक नियम असतो. धावड्यापासून दादरपर्यंत कुठलेही पोर धावता धावता थांबते आणि 'टाइमप्लीज' म्हणते, की पाठलाग थांबतो. त्या एका शब्दावर सारा खेळ उभा असतो. प्रौढांच्या खेळातही जाणती माणसे असा शब्द आधीच ठरवून ठेवतात. खेळात 'नको, नको' म्हणणे हा भूमिकेचा भाग असू शकतो, म्हणून खऱ्या नकारासाठी निराळा शब्द लागतो. बेणारेपाशी तो शब्द नाही. ती उठून जायला निघते तर दार उघडत नाही. बाहेरची कडी बसली आहे. या कडीचे बोलणे तेंडुलकरांनी पहिल्या अंकातच करून ठेवले आहे, बेणारेचे बोटही तिच्यात सापडलेले असते. आणि शेवटी, गर्भ नष्ट करण्याचा निकाल देऊन झाल्यावर, तीच मंडळी तिला समजावतात की हा तर खेळ होता. खेळ म्हणून सुरू करायचे, खऱ्याने मारायचे आणि पुन्हा खेळ म्हणून हात झटकायचे, ही रीत नाटकापुरती नाही. 'गंमत केली' हे वाक्य कोणत्या घरात ऐकू येत नाही?

'सखाराम बाइंडर' (१९७२) या बाबतीत उलट बाजूने येते. कमलाकर सारंगांनी ते बसवले, निळू फुले सखाराम झाले, लालन सारंग चंपा. सेन्सॉरने प्रयोग अडवले आणि प्रकरण मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेले, तिथे सारंग जिंकले. या नाटकात करार आहे, अगदी उघड आणि तोंडी. नवऱ्याने टाकलेल्या बाईला सखाराम घरात आणतो, पहिल्याच दिवशी नियम सांगतो. पटले तर राहा, नाही पटले तर जा, जाताना लुगडे आणि गाडीभाडे मिळेल. लग्नाच्या ढोंगापेक्षा हे प्रामाणिक, असे पुष्कळांना वाटले. सखारामलाही तसेच वाटते.

मला हा करार फसवा वाटतो. दार उघडे आहे खरे, पण बाहेर छप्पर नाही. जिला जायला जागा नाही तिचे 'हो' किती खरे? लक्ष्मीने मुंगळ्याशी बोलताना मनापासून हसावे आणि रात्री सखारामने तेच हसू हुकमाने मागावे, हा प्रसंग मला साऱ्या नाटकात भयंकर वाटतो. चंपाला तर त्याच्याजवळ जाण्यासाठी दारू लागते. शुद्ध हरपून दिलेली संमती ती संमती नव्हे. इथे सत्तेची देवघेव नाहीच, सत्ता एकाच खिशात राहते. ती निसटू लागली, तेव्हा सखारामने चंपाचा गळा दाबला.

एक गोष्ट आपल्या वाचकांशी विशेष बोलायची आहे. सखारामचा मित्र दाऊद. गणपतीच्या आरतीत दाऊदने भाग घेतलेला लक्ष्मीला खपत नाही आणि सखाराम तिला मारतो. मुसलमान वाचक म्हणून तो प्रसंग वाचताना मन सुखावते, हे नाकारू नये. कोणीतरी आपल्या बाजूने उभे राहिले! पण आपली बाजू घेतली गेली ती एका निराधार बाईच्या पाठीवर. आपल्या समीक्षेने हा हिशेब मांडलेला मला आढळला नाही. पुढे चंपाचे दाऊदकडे जाणे लक्ष्मीनेच सखारामला सांगितले आणि खून झाला. आधी मार खाल्लेली बाई इथे मारणाऱ्याचे हत्यार होते.

कायदाही खेळ ओळखतो, हे थोड्यांना ठाऊक असेल. भारतीय दंड संहितेच्या कलम ८७ मध्ये करमणुकीसाठी तलवारबाजी खेळणाऱ्या दोघांचे उदाहरण होते. अठरा वर्षांवरील माणसाने पत्करलेली, मरण किंवा जबर दुखापत संभवत नाही अशी इजा गुन्हा ठरत नाही. २०२४ पासून लागू झालेल्या न्याय संहितेत हेच तत्त्व कलम २५ मध्ये आले. मात्र त्याच संहितेत पत्नीच्या नकाराला बलात्काराच्या व्याख्येत आजही जागा नाही. तलवारबाजाची संमती विचारायची आणि घरातल्या बाईची गृहीत धरायची.

र. धों. कर्व्यांनी १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य'मधून अशा गोष्टी सरळ मराठीत लिहिल्या, त्यासाठी खटले सोसले. १९३४ साली त्यांच्या बाजूने डॉ. आंबेडकर वकील म्हणून उभे राहिले. त्यानंतर मराठीत या विषयावर सरळ बोलणारी वाट रुंद झाली नाही. आपल्या मुस्लिम मराठी लेखनात ती जवळजवळ नाहीच. तलाक, बुरखा, दंगल यांवर आपण लिहितो आणि लिहिले पाहिजे. पण दोन राजीखुशीच्या माणसांनी बंद दाराआड काय कल्पावे, याला शब्द नसले की दुसरे नुकसान होते. तिथे झालेली खरी जबरदस्तीही सांगता येत नाही. ज्या भाषेत 'हो' म्हणण्याचे बारकावे नाहीत तिच्यात 'नाही'लाही वजन येत नाही.

'शांतता'च्या अखेरीस बाहेरचे लोक येतात, दार उघडते, मंडळी खऱ्या प्रयोगाच्या तयारीला लागतात. बेणारे पडून आहे. जाता जाता सामंत पुतण्यासाठी आणलेला कापडी हिरवा पोपट तिच्याजवळ ठेवतो. तिला काय हवे, हे तोही विचारत नाही.